गॅरी पॉलसन : पोरांना रानात एकटं सोडणारा लेखक

शेवग्याची शेंग

मुक्काम मिनेसोटा, लेक सहावीत. या सत्रात त्यांच्या वर्गात गॅरी पॉलसनचं 'हॅचेट' (१९८७) चालू आहे. अमेरिकेत शाळकरी मुलं असलेल्यांना हे पुस्तक ठाऊक असेलच. बाकीच्यांसाठी थोडक्यात: तेरा वर्षांचा ब्रायन. आईवडिलांचा नुकताच घटस्फोट झालाय. वडील कॅनडात तेलविहिरींवर कामाला, त्यांच्याकडे सुट्टीसाठी तो छोट्या विमानाने निघतो. विमानात वैमानिक आणि हा, बस्स. वाटेत वैमानिकाला हृदयविकाराचा झटका येतो, तो बसल्या जागी जातो. विमान तळ्यात कोसळतं. ब्रायन वाचतो आणि पुढचे ५४ दिवस, निघताना आईने दिलेल्या एका छोट्या कुऱ्हाडीच्या जोरावर काढतो.

मी साहसकथा म्हणून हातात घेतलं. आमच्या लहानपणीच्या साहसकथांत चोर असायचे, भुयार असायचं, नकाशा असायचा आणि शेवटी इन्स्पेक्टरसाहेब पाठ थोपटायचे. इथे त्यातलं काहीच नाही. पोरगं सकाळी भुकेलं उठतं, दिवसभर खाण्याच्या मागे असतं, संध्याकाळी डास फोडून खातात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे साहस कसलं, ही तर रोजंदारी! आणि तरी पुस्तक खाली ठेववेना.

मग लेखकाबद्दल वाचत गेले. जन्म १९३९, मिनियापोलिस. वडील लष्करात, युद्धावर. आई शिकागोला दारूगोळ्याच्या कारखान्यात. ती या एवढ्याशा पोराला सैनिकी गणवेश चढवून बारमध्ये टेबलावर उभं करून गाणी म्हणायला लावायची. ते आजीच्या कानावर गेलं, तेव्हा पाच वर्षांच्या मुलाला एकट्याला आगगाडीत बसवून उत्तर मिनेसोटातल्या नातेवाइकांच्या शेतावर धाडलं. ती गाडी जखमी सैनिकांनी भरलेली. पुढे वडिलांबरोबर मनिला, तिथून परत, आईबाप दोघंही दारूच्या आहारी. हा तळघरात भट्टीशेजारी झोपायचा. बारमध्ये वर्तमानपत्रं विकायचा, बोलिंगच्या गल्लीत पडलेल्या पिना उभ्या करायचा, आणि चौदाव्या वर्षी पळून जाऊन फिरत्या जत्रेत सामील झाला.

तर माझं मत असं, की हा माणूस मुलांना साहस शिकवतच नाही. एकटं पडलेल्या मुलाने आजचा दिवस कसा काढायचा, एवढंच सांगतो. माझ्या लेकावर दिवस काढायची वेळ आलेली नाही, येऊही नये. मग त्याने यातून घ्यायचं काय? आणि अकराव्या वर्षी द्यावं का हे? पुस्तकात आत्महत्येच्या प्रयत्नाचा उल्लेख आहे, तेही आधीच सांगून ठेवते. दोनशेच्या वर पुस्तकं लिहिलीत त्याने. पुढे कुठलं द्यायचं तेही सुचवा.

गोटीराम

मी पयला!
पुस्तक वाचलेलं नाही. पण आपल्याकडे असं पुस्तक होणे नाही. सह्याद्रीत पोरगं चुकलं तर पाचव्या मिनिटाला 'मॅगी, कांदाभजी, लिंबूसरबत' असा बोर्ड लागेल.

भटकभवानी

@गोटीराम, हसून हसून पुरेवाट. जूनमध्ये राजमाचीला या, काजव्यांपेक्षा विजेऱ्या जास्त.

चष्मेबद्दूर

पुस्तक आवडतं, तरी एक खडा. विमान 'सेसना ४०६' आहे असं लिहिलंय आणि वर्णन एका इंजिनाच्या छोट्या विमानाचं. खरं सेसना ४०६ दोन इंजिनांचं, डझनभर माणसं सहज बसतील एवढं. पॉलसन स्वतः विमानांशी खेळलेला माणूस, त्याने हे कसं होऊ दिलं कोण जाणे.

बाकी तांत्रिक भाग मात्र चोख. ब्रायन आधी भाल्याने, मग धनुष्यबाणाने मासे मारायला जातो, दरवेळी हुकतो. मग त्याला आठवतं की पाण्यात प्रकाश वाकतो, मासा दिसतो त्याच्या खाली असतो. बाणाचं टोक पाण्यात ठेवून जरा खाली नेम धरला की मासा मिळतो. अपवर्तन आपण सगळेच शिकलो, ग्लासात पेन्सिल तिरकी ठेवून. परीक्षेत पाच गुण मिळाले, विषय संपला. इथे तो धडा आला नाही तर रात्री उपाशी.

आगीचंही तसंच. रात्री गुहेत साळिंदर शिरतं, हा अंधारात कुऱ्हाड फेकतो, ती दगडावर आपटून ठिणग्या उडतात. पायात साळिंदराचे काटे घुसलेले, त्या ठणक्यात ठिणग्यांकडे लक्षच जात नाही. डोक्यात प्रकाश पडतो दुसऱ्या दिवशी. पुढे पानंच्या पानं नुसती आग पेटवण्याची खटपट. गवत पेटत नाही, नोटेचे तुकडे पेटत नाहीत, शेवटी बर्चच्या सालीचे केसासारखे धागे काढतो तेव्हा ठिणगी धरते, आणि तरी विझते, कारण फुंकर घालायला हवी हे ध्यानात नसतं. मुलांच्या पुस्तकात एका जाळासाठी इतकी जागा देणारा दुसरा लेखक मला माहीत नाही.

निवृत्त नाना

आमच्या काळी भा. रा. भागवत होते. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची सायकल आणि तो 'ट्टॉक्'. ज्यूल व्हर्नसुद्धा त्यांनीच आम्हाला मराठीत दिला. मुलांना दारुड्या आईबापांच्या आणि आत्महत्यांच्या गोष्टी कशाला द्यायच्या? वाचताना मूल आनंदी व्हायला हवं. बाकी चालू द्या.

शेवग्याची शेंग

नाना, बन्या आमच्या घरात आहेच, लेकाला मी वाचून दाखवलाय. पण बन्या संकटातून सुटून घरी येतो तेव्हा घर जागच्या जागी असतं. ब्रायनला परतायला तसं घरच उरलेलं नाही. मला दोन्ही हवेत. आनंदाबद्दल म्हणाल तर पहिला मासा भाजून होतो, तेव्हा माझ्या पोराने जी आरोळी ठोकली ती शेजाऱ्यांनी ऐकली असेल.

खडूसराव

एक शंका. या लेखकाचं चरित्र जरा जास्तच भरलेलं नाही का? मनिलाच्या प्रवासात बोटीवरून डोळ्यांदेखत विमान समुद्रात पडतं आणि पाण्यातल्या माणसांवर शार्क तुटून पडतात. मग जत्रा. मग लष्कर, क्षेपणास्त्रं. मग अवकाशयानांचा माग ठेवणाऱ्या केंद्रावर उत्तम नोकरी, ती एका रात्रीत सोडून हॉलिवूडला मासिकात मुद्रितशोधक. मग रानात फास लावून बीव्हर (पाणथळीतलं एक केसाळ जनावर) पकडणं. मग अलास्कात कुत्र्यांची शर्यत. मग हृदयविकार, आणि डॉक्टर 'जपा' म्हणाले म्हणून साहेब शिडाची बोट घेऊन पॅसिफिकमध्ये! प्रत्येक पुस्तकाच्या मागे 'हे माझ्यावर बेतलंय' आहेच. निम्मं खरं असेल. उरलेलं शिजवलेलं आहे. हे माझं वैयक्तिक मत.

अनुस्वार

+१ खडूसराव. बालसाहित्यिकाला बालपण विकायचा मोह होणारच.

रानवाटसरू

काही वर्षं नोकरीनिमित्त अँकरेजला होतो, म्हणून शर्यतीपुरतं बोलतो. इडिटारॉडचे निकाल नोंदवलेले असतात, कुणीही पाहावेत. १९८३ साली पॉलसन ४१वा आला, साडेसतरा दिवस लागले. १९८५ला पुन्हा उतरला, पण पूर्ण करू शकला नाही. साधारण १६०० किलोमीटर, अँकरेज ते नोम. हे शिजवता येत नाही.

ही शर्यत सुरू झाली १९७३ला. नोमला त्याआधीचं एक खरं नाट्य आहे: १९२५ साली तिथे घटसर्पाची साथ आली आणि औषध कुत्र्यांनी ओढायच्या बर्फगाड्यांवरून, म्हणजे स्लेजवरून, एका पथकाकडून दुसऱ्याकडे देत देत पोचवलं होतं. मार्चमधल्या पहिल्या शनिवारी अँकरेजच्या चौथ्या अव्हेन्यूवर समारंभ असतो. शहरात रस्त्यावरचा बर्फ एरवी उचलून नेतात, त्या दिवसासाठी उलट ट्रकने आणून पसरतात. कुत्र्यांचा कालवा असा, की शेजारच्याशी बोलता येत नाही. आणि स्लेज सुटली की एका क्षणात शांतता. ओढायला मिळालं की ती गप्प होतात.

'विंटरडान्स' (१९९४) हे त्याचं या शर्यतीवरचं पुस्तक मोठ्यांसाठी आहे, ते वाचा. सरावाला बर्फ नव्हता तर या गृहस्थाने कुत्री सायकलला जुंपली. सायकलचं काय झालं ते सांगत नाही. मग जुन्या मोटारीचा सांगाडा. खऱ्या शर्यतीत पहिल्याच रात्री वाट चुकला, आणि मागचे कितीतरी गडी याच्या मागोमाग चुकले. स्वतःला इतकं मूर्ख दाखवणारा माणूस थापाड्या असेल, पण बढाईखोर नाही.

खडूसराव

@रानवाटसरू, शर्यत मान्य. शार्क अजून मान्य नाहीत.

दीपशिखा

थोडं वेगळं. मी तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात काम करते. पॉलसनबद्दल मला माहीत असलेली गोष्ट एकच, पण ती मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला सांगते.

थीफ रिव्हर फॉल्स नावाचं मिनेसोटातलं गाव. कडाक्याची थंडी. हा पोरगा नुसता ऊब हवी म्हणून ग्रंथालयात शिरतो. शाळेत मागे पडलेला, वाचनाशी संबंध नाही. ग्रंथपाल बाई हाकलत नाहीत, 'काय हवंय' असंही दरडावत नाहीत. कार्ड हवंय का, विचारतात. कार्डावर त्याचं नाव लिहून देतात आणि एक पुस्तक. ते वाचून व्हायला त्याला खूप दिवस लागले. परत आला की दुसरं. पुढे वही आणि पेन्सिलही दिली. ज्याच्या नावाचं काही म्हणजे काहीच नव्हतं, त्याच्या नावाचं कार्ड! नंतर तो 'लांडगा खातो तसं वाचा' म्हणून मुलांना सांगायचा, त्याची सुरुवात ही.

आमच्याकडे दुपारी पंख्याखाली बसायला येणारी मुलं आहेत. पूर्वी मी 'वाचायचं नसेल तर बाहेर' म्हणायचा नियम पाळत असे, कारण भिंतीवर लिहिलेला आहे. आता पाटी आहे, नियम नाही.

टीचरबाई

दीपशिखा, _/\_

मी न्यू जर्सीत शाळेत वाचनात मागे पडलेल्या मुलांबरोबर काम करते. कपाटातलं 'हॅचेट' सगळ्यात फाटकं असतं. कारण मजकुराची ठेवणच तशी आहे. छोटी वाक्यं. एकच शब्द फिरून फिरून येतो. कधी एका शब्दाचा अख्खा परिच्छेद. समीक्षकांना हे खटकतं, पण अडखळत वाचणाऱ्या मुलाला एकच शब्द पुन्हा पुन्हा भेटला की तो त्याचा होतो. पान लवकर उलटतं, 'मी वाचलं' असं वाटतं. स्वतः उशिरा वाचायला लागलेल्या माणसाने लिहिलंय ते.

धागाकर्तीच्या प्रश्नाला: अकरा वर्षं अगदी योग्य. सोबत आपण वाचत असू तर दहाही चालेल.

जाता जाता, न्यूबेरी पदक (अमेरिकेतला बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार) त्याला कधीच मिळालं नाही, त्याखालचा 'ऑनर' तीनदा मिळाला: 'डॉगसाँग', 'हॅचेट', 'द विंटर रूम'. मुलांनी मात्र पदकं बघितली नाहीत.

मनकवडा

समुपदेशनाचं काम करतो, म्हणून आत्महत्येच्या उल्लेखाबद्दल. शोध घेणारं विमान डोक्यावरून येतं आणि वळून निघून जातं, त्यानंतरच्या निराशेत ते घडलेलं असतं. लेखकाने ते घडत असताना दाखवलेलं नाही. बरेच दिवस उलटल्यावर ब्रायन मागे वळून पाहतो तेव्हा काही ओळींत येतं, कृतीचं वर्णन जवळपास नाही. जबाबदारीने लिहिलंय. वाचल्यावर मुलाशी बोला मात्र. टाळलंत तर ते पान तो एकटाच पुन्हा वाचेल.

माझा आक्षेप दुसरीकडे आहे. काटे घुसलेल्या रात्री ब्रायन रडतो, नि मग 'स्वतःची कीव करून काही साधत नाही' हा त्याचा मोठा नियम ठरतो. मुलग्यांना आपण तसंही 'रडतोस काय' म्हणून वाढवतो. त्यात हे पुस्तक भर घालतं.

टीचरबाई

@मनकवडा, असहमत. तो रडू नको म्हणत नाही. मनसोक्त रडतो, आणि रडून झाल्यावर पाय तेवढाच दुखतोय हे बघतो. लाज नाही त्यात, निरीक्षण आहे. माझ्या वर्गातल्या ज्या मुलांच्या घरी काही ना काही चालू असतं, ती नेमकी याच पानावर थांबतात आणि म्हणतात, हो, असंच असतं.

मनकवडा

हम्म. ज्यांच्या घरी चालू आहे त्यांच्यासाठी हे खरं. ज्यांच्या घरी सगळं ठीक आहे ती मुलं 'रडणारा तो दुबळा' एवढंच घेऊन जातात, हेही पाहिलंय.

भूभूप्रेमी

इडिटारॉडचं कौतुक चाललंय म्हणून लिहावंसं वाटलं. त्या शर्यतीत कुत्री मेलेली आहेत, प्राणीहक्कवाल्यांचा तिला वर्षानुवर्षं विरोध आहे. कुत्र्यांना १६०० किलोमीटर पळवून माणसाने 'साहस' केलं म्हणायचं? आणि हा गृहस्थ त्याआधी फास लावून जनावरं मारायचा. पोटासाठी असेल. पण मुलांच्या लेखकाचं हे चित्र मला झेपत नाही.

रानवाटसरू

विरोध रास्त आहे, तो अलास्कातही ऐकू येतो. पण त्या फासांचं पुढे काय झालं ते 'वुडसाँग'मध्ये (१९९०) आहे, ऐका.

आधी पार्श्वभूमी. त्याच्या एका कादंबरीवरून कुणीतरी अब्रुनुकसानीचा दावा लावला. प्रकरण मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जिंकला, पण कफल्लक झाला आणि लिहिणंच सोडलं. बायको-मुलासह रानातल्या झोपडीत. राज्य सरकारसाठी बीव्हर पकडायचं काम. फासांची फेरी पायी किंवा स्कीवर, कारण गाडी नाही. तेव्हा कुणीतरी त्याला चार कुत्री आणि एक जुनी स्लेज देऊन टाकली. म्हणजे शर्यतीसाठी कुत्री नव्हती, पोटासाठी होती.

त्या कुत्र्यांत कोलंबिया आणि ओलाफ. दोघं आपापल्या साखळीला. कोलंबियाला एक हाड मिळालं होतं. तो ते नाकाने ओलाफच्या दिशेने ढकलत नेतो, आणि ओलाफची साखळी जिथे संपते त्याच्या किंचित पलीकडे ठेवतो. ओलाफ ताणून ताणून बेजार, आणि कोलंबिया मागे बसून मजा बघतोय. पॉलसन म्हणतो, कुत्रा जर थट्टा रचू शकतो, समोरच्याची साखळी मापून ठेवू शकतो, तर मी ज्यांना मारतोय त्या जनावरांच्या डोक्यात काय काय चालत असेल? त्याने फास लावणं थांबवलं.

भूभूप्रेमी

हे माहीत नव्हतं. कोलंबिया ग्रेट आहे. शर्यतीबद्दल मत तेच.

पोफळी

कुत्र्यांचा विषय निघालाच आहे तर कुकी! तळ्यावरचा बर्फ फुटून पॉलसन आत गेला, हातात दोर. त्याची म्होरकी कुत्री कुकी, तिने बाकीच्यांना उठवून ओढायला लावलं आणि याला बाहेर काढलं. 'माय लाइफ इन डॉग इयर्स'मध्ये आहे. मुलीला वाचून दाखवताना माझा आवाज फुटेना, ती म्हणाली, आई मी वाचते, तू ऐक.

खडूसराव

म्हणजे कुत्रीने बचावपथक उभं केलं. नोंद घेतली आहे. शार्कच्या खालोखाल ठेवतो.

गोटीराम

खडूसरावांच्या घरी मांजर असणार, पैज.

अनुस्वार

एक प्रश्न कुणी विचारला नाही. यात मुली कुठायत? ब्रायन, त्याचे बाबा, वैमानिक, सगळे पुरुष. आई आहे ती 'गुपिता'पुरती: घटस्फोटाआधी ब्रायनने तिला दुसऱ्या माणसाबरोबर गाडीत पाहिलेलं असतं. पोराच्या डोक्यातला सगळा कडवटपणा आईच्या खात्यावर. बाबा मात्र बिचारे. माझ्या लेकीने अर्ध्यावर ठेवलं.

शेवग्याची शेंग

@अनुस्वार, हा मुद्दा माझ्याही मनात होता. पण शेवट बघा, इतक्या दिवसांनी घरी आल्यावर तो गुपित बाबांना सांगत नाही. सांगण्याच्या अगदी जवळ येतो, आणि नाही सांगत. रानात ते त्याला पहिल्या दिवशी विमान पडण्याएवढंच मोठं वाटत होतं. मला ते आईला सोडून देणं वाटलं. शिवाय कुऱ्हाड कुणी दिली?

टीचरबाई

मुलींसाठी 'नाइटजॉन' (१९९३) द्या. गुलामगिरीतली बारा वर्षांची सार्नी गोष्ट सांगते. गुलामांना वाचायला शिकवणं-शिकणं हा अपराध, आणि नाइटजॉन नावाचा माणूस, जो उत्तरेत पळून स्वतंत्र झाला होता, तो मुद्दाम परत येऊन तंबाखूच्या चिमटीच्या बदल्यात एकेक अक्षर शिकवतो. शिक्षा भयंकर आहेत, लपवलेल्या नाहीत. वय तेराच्या पुढे, आधी स्वतः वाचून मगच. माझ्या मते त्याचं सर्वांत धीट पुस्तक हेच, 'हॅचेट' नव्हे.

अनुस्वार

धन्यवाद, वाचनखूण साठवली. ग्रंथालयात मागणी नोंदवली.

निवृत्त नाना

नाइटजॉनचं वाचून थबकलो. अक्षरासाठी मार खाल्लेल्या माणसांच्या गोष्टी आपल्या दलित आत्मकथनांतून वाचलेल्या आहेत. हे मुलांसाठी लिहिता येतं, याचा विचार कधी केला नव्हता.

आत्महत्येच्या गोष्टीला विरोध कायम. आणि बन्याला पर्याय नाही.

चष्मेबद्दूर

वर कुणी वैमानिकाच्या मरणाबद्दल बोललं नाही. खांदा दुखतोय म्हणून चोळणं, हात दुखणं, पोट बिघडणं, मग छातीत कळ, हे इतकं अचूक कसं? 'गट्स'मध्ये (२००१) उत्तर आहे. कोलोरॅडोत तो रुग्णवाहिकेवर स्वयंसेवक होता, हृदयविकाराने गेलेली माणसं जवळून पाहिली होती. त्याच पुस्तकात लिहिलंय, की ब्रायन कासवाची अंडी कच्ची खातो म्हणून याने स्वतः खाऊन बघितली, आणि ती काही पोटात राहिली नाहीत. पण ब्रायनला भूक जास्त म्हणून त्याच्या पोटात ठेवली. कुऱ्हाड-दगडाने आगही स्वतः पेटवून पाहिली, तीही चटकन पेटली नाही म्हणे.

खडूसराव

ही अंडी मात्र पटली. ओकल्याची थाप कुणी मारत नाही.

भटकभवानी

मला 'ब्रायन्स विंटर' (१९९६) जास्त भावतं. 'हॅचेट'च्या शेवटी बुडालेल्या विमानातून ब्रायनला आणीबाणीचा ट्रान्समीटर मिळतो, तो चुकून चालू होतो आणि फर-व्यापाऱ्याचं विमान उतरतं. वाचकांनी पत्रं पाठवून पाठवून सांगितलं, हे फार सोपं सुटलं, खरा कस हिवाळ्यात लागला असता. तर याने चक्क दुसरा शेवट गृहीत धरून अख्खं पुस्तक लिहिलं: सुटका झालीच नाही तर? कुठला लेखक पोरांचं असं ऐकतो?

धनुष्य दमदार करणं, थंडीत झाडं बंदुकीच्या बारासारखी फुटतात ते आवाज, बर्फात चालायच्या जाळीच्या चपला, आणि बेट्टी नावाची स्कंक (घाण वास सोडणारा छोटा प्राणी) जी त्याच्या दारात राहायला येते. सगळं हळूहळू. बर्फातल्या ट्रेकला जाणाऱ्यांनी तर वाचावंच. ओले मोजे ही काय चीज आहे ते कळतं.

शेवग्याची शेंग

मंडळी, सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नावर येते.

मनकवडांच्या सल्ल्याने ते पान आम्ही दोघांनी एकत्र वाचलं. मी शब्द जुळवत होते, तोवर लेकानेच विचारलं, "पण विमान वळून का गेलं? त्याने आग मोठी का नाही केली?" आम्ही मग बराच वेळ शेकोटीची जागा कुठे हवी होती यावर बोललो, कागदावर तळं काढून, इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचं. बाकीचं बोलणं त्यातूनच निघालं, माझ्या तयारीपेक्षा बरं निघालं.

त्याने काय घ्यावं, हे मी ठरवायचं नव्हतं बहुतेक. त्याने घेतलं ते असं: सध्या दर जेवणाला हे उगवतं कुठे, पकडतात कसं, किती वेळ लागतो याची चौकशी असते. कोथिंबिरीबद्दलसुद्धा. पुढचं 'ब्रायन्स विंटर' ठरलं, भटकभवानी, तुमच्या बेट्टीमुळे.

दारुड्या आईबापांचं 'गॉन टु द वुड्स' हे त्याचं आत्मकथन मी स्वतःसाठी आणलंय. २०२१च्या जानेवारीत आलं, त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला तो गेला, ८२व्या वर्षी. पूर्ण पुस्तकात स्वतःला 'मी' म्हणत नाही, 'तो मुलगा' म्हणतो. शेतावरचे सुरुवातीचे भाग अप्रतिम आहेत. पाच वर्षांच्या मुलाला कुणी तरी पहिल्यांदा काम सांगतं, आणि ते त्याला जमतं, त्याचा केवढा आनंद! आईवर राग आहे, पण आरडाओरडा नाही.

दीपशिखा

शेंग, वाचून झालं की सविस्तर लिहा. आमच्या वाचनालयात इंग्रजी कपाट छोटं आहे, एकच घेता येईल. 'हॅचेट' घेऊ की हे?

टीचरबाई

'हॅचेट', डोळे मिटून. दोन प्रती घ्या. एक परत येणार नाही.

रानवाटसरू

त्याचं 'नॉर्थविंड' त्याच्या मागे २०२२ला आलं. लायफ नावाचा पोरका मुलगा, कॉलऱ्यातून वाचून उत्तरेकडे एकटा होडी हाकत जातो. ज्यांना समुद्र आवडतो त्यांनी घ्या. विनोदी हवं असेल तर 'हॅरिस अँड मी', पण त्यातले विजेच्या कुंपणाचे प्रयोग घरच्या मुलांनी करू नयेत.

गोटीराम

'हॅचेट' मागवलं. विजेच्या कुंपणाचंही मागवतो, आमच्या सोसायटीत उपयोगी पडेल.

खडूसराव

रानवाटसरूंच्या सांगण्यावरून 'विंटरडान्स' वाचलं. सायकलच्या प्रकरणाला एकटाच हसत बसलो, घरच्यांनी येऊन विचारपूस केली. बर्फात एकेका कुत्र्याचे पाय तपासत, मोजे चढवत बसलेला माणूस तर विसरता येणार नाही. फार झकास लिहिलंय. इतकं झकास, की माझा संशय आता आणखी बळावला आहे.

(मांजर दोन आहेत, गोटीराम.)